वाळूत भाजलेली बिस्किटं

पोट बिघडणं हा काही आजार नव्हे, असं आमच्या घरी सगळ्यांचं मत होतं आणि माझंही तेच होतं. मी सौंसरच्या प्राथमिक शाळेत शिकवत होते, मुलगी वंदू पहिलीत होती, आणि जुलाब लागले म्हणून रजा मागायची मला लाज वाटायची. ओवा खायचा, ताक प्यायचं, शाळेत जायचं. असं करता करता वर्ष गेलं आणि एक दिवस फळ्यावर बेरीज लिहिताना माझा हात खडूसकट खाली आला. पोरं हसली. त्यांना वाटलं, बाई गंमत करून राहिल्या.

माझं वय तेव्हा एकतीस. ब्लाउज ढगळ झाले होते, तोंड सतत आलेलं, केस कंगव्यात पुंजक्याने यायचे आणि संध्याकाळी पायावर बोट दाबलं की खड्डा तसाच राहायचा. ऐंशीनंतरची ती पहिली काही वर्षं. हे मी लिहिते आहे म्हणजे वाचले, ते वाचणाऱ्याला आधीच कळलं. मला तेव्हा ते माहीत नव्हतं. त्या दिवसांतलं दुसरं काही आठवायच्या आधी ती भीती आठवते, म्हणून तीच सांगते. कोणी आता तशाच भीतीत बसलेलं असेल तर त्याला सोबत होईल.

वेगळं ताट

नागपूरच्या डॉक्टरांनी पोट दाबून, फोटो काढून सांगितलं की आतड्याची टीबी असावी. ‘असावी’ हा शब्द यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, परतीच्या बसमध्ये मला तीनदा ऐकवला. मला फक्त ‘टीबी’ ऐकू येत होतं. आमच्या आळीत टीबी म्हटलं की लोक घराकडे न बघता चालत. शेजारणीने वंदूला खेळायला बोलावणं बंद केलं आणि वंदूने मला विचारलं, तू मला शिवलीस तर मी पण खोकेन का. मी खोकत नव्हते, पण ते सहा वर्षांच्या पोरीला काय समजावणार. मी तिची वेणी घालणं सोडलं.

सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणतो. माझं ताट वेगळं ठेवा असं कंपाउंडरने सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, माह्या सुनेचं ताट मी घाशीन, दुसऱ्या कोणाले भेव वाटत असेन त त्यानं घरी जावं. रागीट, उंच, हाताला दणकट बाई. मला उभं करायचं त्यांनी मनावर घेतलं होतं. रोज सकाळी गव्हाचा चीक काढून त्याची खीर. दुपारी दुधात कुस्करलेली पोळी. चार वाजता शिरा. भाकर त्यांनी माझ्यासाठी बंदच केली, कारण भाकर वावरात जाणाऱ्याची आणि पोळी पाहुण्याची, आजाऱ्याची. शिवाय आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हाताने जायचं नाही ही आमच्याकडची रीत. येणारा प्रत्येक जण बिस्किटाचा पुडा आणि डबलरोटी, म्हणजे पाव, आणायचा. माझ्या उशाशी एवढी बिस्किटं जमली होती की वंदूने त्यांचं दुकान मांडलं असतं. मी खात होते. बरं व्हायचं म्हणून उलटी दाबून खात होते.

इंजेक्शनं घेऊन घेऊन कंबर दगड झाली. सहा महिन्यांनी वजन आणखी उतरलं होतं.

दक्षिणेकडे

पांढुर्ण्याला माझं माहेर. थोरल्या भावाची तिथे कापडाची गादी आहे. त्याच्या ओळखीचा कोणी दक्षिणेतल्या एका मोठ्या इस्पितळातून बरा होऊन आला होता. भावाने विचारलं नाही, तिकिटंच काढून आणली. आत्याबाईंनी जामसांवलीच्या मारुतीला रोडग्यांचा नवस बोलला, पोळ्यांचा डबा भरून दिला आणि वंदूला कडेवर घेऊन पांढुर्ण्याच्या स्टेशनावर आल्या. वंदू कडेवर घेण्याएवढी लहान नव्हती, तिचे पाय लोंबत होते. गाडी सुटली तेव्हा मी तिच्याकडे नीट बघून घेतलं, फ्रॉकचं तुटलेलं बटण सुद्धा. मी परत येणार नाही अशी माझी खात्री होती.

गाडीत मला सगळ्यात जास्त धाक होता संडासाचा. गर्दीत तिथपर्यंत पोचलेच नाही तर काय, म्हणून डब्यातल्या पोळीला मी हात लावला नाही. त्या सगळ्या यांनी खाल्ल्या. फलाटावर पानावर मिळणारी इडली तेवढी मी भीत भीत चाखली, कारण ती गरम होती आणि दिसायला निरुपद्रवी होती.

इस्पितळाजवळ एका लांबलचक चाळीत आम्हाला खोली मिळाली. प्रत्येक दारापुढे एक स्टोव्ह आणि प्रत्येक खोलीत कोणाचं तरी दुखणं. शेजारच्या खोलीत केरळच्या मरियम्मा होत्या. त्यांचे यजमान मूत्रपिंडाच्या विकाराने इस्पितळात पडून होते. त्यांना हिंदी येत नव्हती, मला मल्याळम नाही. सगळा कारभार हातवाऱ्यांनी. पितळी नळीत तांदळाचं रवाळ पीठ आणि नारळाचा कीस थरावर थर भरून त्या वाफवायच्या, आणि काठीने ढकलून नळीतून पांढरीशुभ्र गुंडाळी बाहेर काढायच्या. पुट्टू. पहिल्या दिवशी त्यांनी ती माझ्या ताटलीत ढकलली तेव्हा मी नको म्हटलं. त्यांनी माझं मनगट धरलं, बोटांनी मोजलं किती बारीक आहे ते, आणि दुसरी ढकलली.

रविवारी त्या बिस्किटं करायच्या. जाड पातेल्यात वाळू तापवायची, त्यात वाटी उपडी ठेवून वर ताटली, ताटलीत तांदळाच्या पिठाच्या, गुळाच्या चकत्या, वर झाकण आणि झाकणावर निखारे. भट्टी नाही, बेकरी नाही. मी त्यांच्या दाराशी बसून बघायचे. खरं सांगायचं तर खोलीत एकटी बसायची माझी हिंमत होत नव्हती.

आमचा नंबर लागायला अठरा दिवस लागले. तेवढ्यात एक विचित्र गोष्ट झाली. माझं पोट शांत झालं. पुरतं नाही, पण दिवसातून सात वेळा जाणारी मी दोनदा जाऊ लागले. मला आनंद व्हायला हवा होता. मी घाबरले. एवढ्या लांब आल्यावर इथले डॉक्टर म्हणाले की हिला काही झालंच नाही, तर मी कोणत्या तोंडाने परत जाऊ, आणि परत गेल्यावर मरू कुठे.

गोळी

डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या होत्या. त्यांनी पोट नंतर तपासलं. आधी विचारलं, घरी काय खातेस आणि इथे काय खातेस. मी पोळी, खीर, शिरा, डबलरोटी सगळं सांगितलं, मग इडली आणि पुट्टू. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाल्या, एक तपासणी करू.

ती तपासणी म्हणजे नळीच्या टोकाला बांधलेली धातूची एक गोळी, वालाएवढी. ती गिळायची. ती आतड्यात उतरली की आतला कणभर तुकडा कापून घेणार आणि नळी ओढून बाहेर काढणार. मी गिळली. नळी ओठातून लोंबत होती, गिळलेली लाळ परत वर येत होती, आणि गोळी खाली उतरायची वाट बघत मला उजव्या कुशीवर तासन्‌तास पडून राहायचं होतं. ती आत अडकली तर? दोर तुटून विहिरीत पडलेल्या बादलीसारखी ती मला सारखी मनात दिसत होती. बोलता येत नव्हतं. हे बाहेरच्या बाकावर होते. एक नर्स येता जाता माझ्या कपाळावर हात ठेवून जायची. तिचं नाव मी विचारलं नाही याचं अजून वाईट वाटतं.

तीन दिवसांनी निकाल सांगितला. टीबी नव्हती. गहू होता. तुझ्या आतड्याला गहू सोसत नाही, तो आतलं अस्तर झडवतो. औषध नाही. गहू, मैदा, रवा, सातू, यांतलं काहीही आयुष्यात पुन्हा तोंडात घालायचं नाही, चिमूटभर सुद्धा नाही.

हे हसले. हसू सुटलं त्यांना, बिचाऱ्यांना. टीबी नाही, कॅन्सर नाही, नुसती पोळी सोडायची. मी हसले नाही. मला आत्याबाईंची खीर आठवली, उशाशी रचलेले पुडे आठवले. जे मी बरं व्हायला खात होते त्यानेच मरायला आले होते, आणि घरी जाऊन मला त्याच स्वयंपाकघरात राहायचं होतं.

चिमूटभर

आधी कोणाला पटेना. गव्हाने कुठं माणूस मरते का, असं आळीत ज्याला त्याला वाटायचं. आत्याबाई मात्र सगळं ऐकून घेऊन उठल्या आणि माझ्यासाठी नवा तवा, नवी परात घेऊन आल्या. चक्कीवाल्याला त्यांनीच दम दिला. चक्कीत दिवसभर गहू दळलेला असतो, त्याचं पीठ आत चिकटून राहतं. म्हणून आधी दोन किलो ज्वारी गाईसाठी दळायची आणि मग माझी. त्याने कुरकुर केली, पण आत्याबाई चक्कीच्या तोंडाशीच उभ्या राहिल्या.

मी मरियम्मांकडे पाहिलेलं एकेक करून बघू लागले. पितळी नळी आमच्याकडे मिळेना, तर भावाने पांढुर्ण्याच्या तांबटाकडून करवून घेतली. नारळ सौंसरात देवाचाच. जामसांवलीहून येणारे लोक प्रसादाची वाटी आणून द्यायचे, तेवढ्या दिवशी पुट्टू. इडलीला आत्याबाई ‘वाफेचे वडे’ म्हणत आणि चटणीशिवाय चार खात. वाळू मी नदीवरून आणून, धुऊन, चाळून घेतली. बिस्किटांसाठी ज्वारीचं पीठ, थोडं तांदळाचं, थोडं बेसन, शेंगदाण्याचं कूट, गूळ आणि तूप. चव चांगली लागायची, पण धरवत नसत. उचललं की चुरा. वंदू त्यांना भुग्याची बिस्किटं म्हणायची आणि खिशात भरून न्यायची.

वजन चढू लागलं. पायाची सूज उतरली. मी शाळेत परतले. भीती मात्र गेली नाही. कोणी पोळी तोडून झटकलेला हात मिठाच्या वाटीत घातला की मी ती वाटी रिकामी करायचे. लग्नाला गेले तर उपाशी परत यायचे. मी चक्रम झाले आहे असं लोक म्हणत, आणि होतेच.

मग नवस फेडायचा दिवस आला. रोडगे म्हणजे कणकेचे गोळे, गोवऱ्यांच्या आरात भाजून तुपात चुरलेले, सोबत वांग्याची भाजी आणि वरण. जिच्यासाठी नवस, तिने पहिला घास घ्यायचा. मी नुसतं वांगं खाल्लं. तिगावच्या मावशी, आत्याबाईंच्या धाकट्या बहीण, पंगतीत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या की देवाचं अन्न पायानं लोटलं. आत्याबाईंनी तिथल्या तिथे त्यांना गप्प केलं. पण परत येताना बैलगाडीत दोघी बहिणी पुढे बसल्या होत्या, आणि मावशींचं चालूच होतं. पोरगी वाळून चालली. ज्वारी-तांदळानं पोट भरते, ताकद कुठून येईन. आत्याबाई काही बोलल्या नाहीत. मी मागे वंदूला मांडीवर घेऊन बसले होते आणि मला वाटलं, त्या माझ्या बाजूने गप्प आहेत.

छान जमलेली बिस्किटं

त्यानंतर महिन्याभराने माझी बिस्किटं जमू लागली. ताटलीवरून अख्खी निघाली, चहात बुडवली तरी मोडेनात. मी हरखले. गूळ थोडा जास्त शिजवला म्हणून जमलं असेल असं मीच ठरवून टाकलं. शाळेत डबा भरून नेला. मोठ्या बाईंनी कृती लिहून घेतली आणि मी फुशारकीने वाळू किती तापवायची ते समजावलं.

दोन महिन्यांत तोंड आलं. मग जुलाब. मग एका संध्याकाळी मी पायावर बोट दाबलं आणि खड्डा तसाच राहिला.

त्या खड्ड्याकडे बघत मी किती वेळ बसले मला माहीत नाही. गहू सोडला होता. चिमूटभर सुद्धा नव्हता. म्हणजे गहू नव्हताच. म्हणजे आत दुसरं काही होतं, ज्याला औषधही नाही आणि पथ्यही नाही. नागपूरच्या डॉक्टरांनी दक्षिणेचे कागद वाचले आणि म्हणाले, तुम्ही कुठेतरी खाता आहात. मी वंदूची शपथ घेतली. बसमध्ये यांनी हळूच विचारलं, शाळेत कोणी समोसा वगैरे देते का. मी सौंसर येईपर्यंत त्यांच्याशी बोलले नाही.

मी जेवण कमी करत गेले. भात संशयाचा, भाकर संशयाची, पाणीसुद्धा. वंदूला समोर बसवून तिची तिला वेणी घालायला शिकवू लागले. तिला कंटाळा यायचा, ती म्हणायची, तू घाल ना. मी ओरडायचे. तिला का शिकवते आहे हे तिला कसं सांगणार होते.

शनिवारी सकाळची शाळा. त्या शनिवारी चक्कर आली म्हणून मी लवकर घरी आले. आत्याबाई स्वयंपाकघरात पाठमोऱ्या बसल्या होत्या. माझा ज्वारीच्या पिठाचा डबा उघडा होता, आणि शेजारी घरच्या कणकेचा. त्यांनी एक मूठ कणीक घेतली, माझ्या डब्यात टाकली आणि हाताने कालवू लागल्या. ओठ हलत होते. मारुतीचं नाव घेत होत्या. माझी बिस्किटं का धरू लागली होती ते मला तेव्हा कळलं.

मी विचारलं, “कवापासून करून राहिल्या हे?”

त्या दचकल्या नाहीत. हात पिठातच राहिला. “मूठभरच टाकते वं. जास्त नाई. देवाचं नाव घेऊन टाकलं त बाधणार नाई, असं वाटलं मले. तू वाळून चालली होती.”

“तुम्ही मले मारून राहिल्या, आत्याबाई.”

आवाज चढवला नाही मी. ओरडले असते तर त्यांनीही ओरडून उत्तर दिलं असतं. त्यांनी हात डब्यातून काढला आणि त्याच्याकडे बघत राहिल्या, दुसऱ्या कोणाचा असल्यासारखा.

कुलूप

मी माझ्या पिठाच्या डब्याला कुलूप लावलं. हे लिहायला मला आवडत नाही, पण लिहायचं तर सगळं लिहावं. पेटीला लावतात तसं छोटं कुलूप, आणि किल्ली गळ्यात. आळीत बोभाटा झालाच, सुनेनं सासूवर कुलूप लावलं. हे मधे पडले तर मी म्हटलं, मी मेले की मग उघडं ठेवा.

आत्याबाई मी स्वयंपाकघरात असेपर्यंत आत येईनात. माझं पाण्याचं भांडं त्यांच्या वाटेत असेल तर वळसा घालून जायच्या. पोळ्या झाल्या की कोपरापर्यंत हात धुवायच्या, मग पुन्हा, मग राख घेऊन पुन्हा. आळीतल्या निम्म्या पोरांना खाऊ घालून मोठं केलेली बाई. मला त्यांची दया यायची आणि तरी मी किल्ली काढली नाही. माझी सूज उतरली, तोंड बरं झालं. म्हणजे दुसरा आजार नव्हता. मी जगणार होते, आणि घरातल्या कोणाच्याही हातचं न खाता जगणार होते.

कुलूप लावल्याच्या पाचव्या महिन्यात मला हिवताप आला. हे दौऱ्यावर छिंदवाड्याला गेलेले. अंग थरथरत होतं, उठून चुलीपर्यंत जाणं शक्य नव्हतं. पहिल्या दिवशी मी काही खाल्लं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. दुपारी वंदू शाळेतून आली, दारातच थांबली आणि तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं मी स्टेशनावर तिच्याकडे बघितलं होतं. मी तिला सांगितलं, आजीला बोलाव.

आत्याबाई उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या. मी गळ्यातली किल्ली काढून पुढे केली आणि म्हटलं की तोंडाला चव नाही, भाकर गिळवणार नाही, बिस्किटं करून द्या.

“माह्या हातचं नको खाऊ,” त्या म्हणाल्या. “मले भेव वाटते.”

“मलेही वाटते,” मी म्हटलं. “करा तुम्ही.”

त्यांनी पदराला हात पुसले आणि किल्ली घेतली. मी पडल्या पडल्या ऐकत होते. हात धुतल्याचा आवाज, एकदा, दोनदा, तीनदा. कुलूप उघडल्याचा. वाळू ओतल्याचा. उठून बघावं असं मला दर मिनिटाला वाटत होतं आणि अंगात उठण्याची ताकद नव्हती. असती तर मी गेले असते.

त्या ताटली घेऊन आल्या. ताटलीत एकही बिस्किट अख्खं नव्हतं. नुसता भुगा, तपकिरी, गुळाच्या वासाचा.

“एकबी धरलं नाई,” त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. “सारा चुरा झाला. तू करते तशी जमत नाई मले.”

मी त्या भुग्याकडे बघत राहिले. मग ताटली मांडीवर घेतली आणि चमचा मागितला.